बारवेवरचा वर्ग: कॉलेजात वेगवेगळे विषय एकत्र कसे शिकवायचे?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावात एका वरिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. गेल्या वर्षी आम्ही चार विभागांच्या शिक्षकांनी मिळून एक काम केलं. ते इथे सविस्तर मांडतो. ज्यांनी असं काही केलंय, किंवा करायला घेऊन सोडून दिलंय, त्यांनी जरूर लिहा.

आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून आलं. मुख्य विषय, मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (मुक्त निवडीचा विषय), भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्य, मूल्यशिक्षण... मुलांच्या हातात विषयांचं ताट आलं. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतलाच घ्यायचा, असा नियम आहे. म्हणजे रसायनशास्त्राची मुलगी आता आठवड्यातून दोन तास इतिहासाच्या वर्गात बसते. मला हे बरंच वाटलं होतं. पण वर्षभरात एक गोष्ट लक्षात आली. ती मुलगी इतिहास शिकते आणि रसायनही शिकते, पण दोन्ही विषय तिच्या डोक्यात एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. आम्ही शिक्षकही बोलत नाही. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी आहेत, पण एकमेकांचा अभ्यासक्रम आम्ही कधी वाचलेला नव्हता.

दुसऱ्या वर्षाला क्षेत्र प्रकल्प आला. २ क्रेडिट, म्हणजे साधारण ६० तासांचं काम. गावाबाहेर एक जुनी बारव आहे. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येतं, मधल्या टप्प्यावर भिंतीत कोनाडे आहेत. बारव फेब्रुवारीतच आटते आणि पलीकडच्या शेतातली साधी विहीर मात्र मे महिन्यापर्यंत पाणी धरते. असं का, एवढा एकच प्रश्न आम्ही घेतला. भूगोल, रसायनशास्त्र, इतिहास आणि मराठी, असे चार विभाग आणि बावीस मुलं.

सुरुवातीचे दोन महिने जो तो आपापलं करत होता. माझ्या मुलांनी उतार मोजले, विहिरींची खोली आणि पाण्याची पातळी नोंदवली. रसायनच्या मुलांनी बाटल्या भरून नेल्या. इतिहासाच्या सरांनी बांधणीचा काळ ठरवायला घेतला. मधल्या टप्प्यावरचा कोनाडा म्हणजे देवकोष्ठ, त्यातली मूर्ती कधीतरी गेली असावी, असं त्यांचं म्हणणं. मराठीच्या मॅडमनी मुलांना म्हाताऱ्या माणसांकडे पाठवलं. मोट, नाडा, धाव, थारोळं, पाट हे मोटेनं पाणी उपसण्यातले शब्द आणि मोटेवरची गाणी गोळा करायला. खरं सांगतो, मला ते काम तेव्हा प्रकल्पाची शोभा वाढवणारं वाटलं होतं. पाण्याच्या प्रश्नाशी त्याचा काय संबंध?

एका मुलाच्या आजीनं सांगितलेलं त्यानं जसंच्या तसं लिहून आणलं: "खाली बघू नगंस. मधल्या देवळीतनं पाझर यायचा आधी. तळातलं पाणी मागनं."

आम्ही सगळे तळाकडे बघत होतो.

देवळी म्हणजे तो कोनाडाच. पुढच्या शनिवारी तिथे गेलो. रसायनच्या मुलीला आतल्या दगडावर पांढरा थर दिसला. तिनं खरवडून नेला, आम्ल टाकल्यावर तो फसफसला. चुन्याचा निघाला. म्हणजे तिथून बरीच वर्षं पाणी झिरपत होतं. मग मी तिथला खडक नीट पाहिला. वर आणि खाली काळा पाषाण, मधे भोकाभोकांचा मांजऱ्या खडक. आपला सगळा दख्खन असा थरांचा बनलेला आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. कठीण थरातून पाणी फक्त भेगांमधून जातं, मांजऱ्या आणि कुजलेल्या थरात ते मुरतं आणि आडवं वाहतं. हे मी वर्गात वीस वर्षं फळ्यावर काढून दाखवतोय. बारव बांधणाऱ्यानं तो थर नेमका गाठला होता, एवढंच मी पाहिलं नव्हतं.

मग पावसाळ्यात थोडा पाझर आला तेव्हा त्याचं पाणी आणि तळाचं पाणी वेगवेगळं तपासलं. तळाच्या पाण्यात नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा, जास्त. पाझराच्या पाण्यात कितीतरी कमी. एकाच बारवेत दोन पाणी: एक शेतांखालून, खतांचं नायट्रेट घेऊन येणारं, एक टेकडीकडून. आणि टेकडीच्या बाजूला गेल्या पंधरा वर्षांत एकामागून एक बोअर झालेत. एरवीचा पाझर का थांबला याचं ते एक संभाव्य उत्तर आहे, अजून सिद्ध झालेलं नाही.

इतिहासाच्या सरांनी देवकोष्ठाचं मत सोडलेलं नाही. ते म्हणतात, जिथून पाणी येतं तिथेच देवी बसवली असणार, दोन्ही खरं असू शकतं. त्यांचं बरोबर असावं असं मला वाटतं.

हे सगळं इतकं लांबवलं कारण ह्या एका शनिवारी मला कळलं की विषय एकत्र येणं म्हणजे काय. त्यासाठी असा एक प्रश्न लागतो, जो कुणा एकाला एकट्यानं सुटत नाही, आणि सगळ्यांना एकाच वेळी त्याच्यासमोर उभं राहावं लागतं.

आता अडचणी. बारव एक असली तरी नोंदी चार झाल्या, कारण क्षेत्र प्रकल्प ज्याच्या त्याच्या मुख्य विषयाशी जोडलेला असतो. अहवाल चार, गुणपत्रकं चार. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन दाखवावं लागतं. एका वर्गात दोन शिक्षक उभे राहिले तर तो तास कुणाच्या खात्यात? आमच्याकडे उत्तर मिळालं, अर्धा अर्धा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मराठीच्या मॅडम तासिका तत्त्वावर आहेत. ज्यांच्या कामामुळे सगळं उलगडलं, त्यांना त्या शनिवारांचा एक रुपया मिळाला नाही. ही गोष्ट मला अजून खुपते.

---

अनुस्वार

फार सुंदर लिहिलंत. आजींचं वाक्य वाचून अंगावर काटा आला.

शब्दाबद्दल एक. बहुविद्याशाखीय आणि आंतरविद्याशाखीय हे आपण सर्रास एकाच अर्थानं वापरतो, पण तुमच्या लेखात दोन्ही वेगळे दिसतात. मुलांना मिळालेलं ताट बहुविद्याशाखीय: पदार्थ अनेक, वाट्या वेगळ्या. कोनाड्यापाशी झालं ते आंतरविद्याशाखीय. परिपत्रकांत पहिल्याला दुसऱ्याचं नाव दिलं जातं, आणि ताट वाढलं की काम झालं असं सगळ्यांना वाटतं.

---

पृथक्करण

मी रसायनशास्त्रच शिकवतो, त्यामुळे जरा विरोधी सूर लावतो. राग मानू नका.

खरवडलेल्या थरावर आम्ल टाकून बुडबुडे बघणं हा शाळेतला प्रयोग आहे. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला मुलांचे हात ब्युरेटवर स्थिर नसतात, मोलॅरिटी काढताना चुकतात. नव्या रचनेत मुख्य विषयाचे तास आधीच कमी झालेत. त्यातले आणखी ६० तास बारवेवर गेले तर विश्लेषण कधी शिकणार? विषय ओलांडायला आधी विषय यावा लागतो. नाहीतर सगळ्यांना सगळं थोडं थोडं, आणि कुणालाच काही धड नाही. पुढे एमएस्सीला हीच मुलं आमच्याकडे येतात आणि आम्हाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

---

घाटमाथा

पृथक्करण सर, राग कसला. आमच्या रसायनच्या मॅडमचंही पहिलं म्हणणं अगदी हेच होतं.

पण झालं उलटं. नायट्रेटचे आकडे दोनदा काढले, दोन्ही वेळा वेगवेगळे आले. प्रयोगशाळेत असं झालं की मुलं शेजारच्याचं रीडिंग बघून जुळवून घेतात, हे तुम्हालाही माहीत आहे. इथे शेजारी कुणी नव्हतंच, उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. आणि इतिहासाची मुलं विचारत होती, "नक्की का?" मग त्यांनी नमुने पुन्हा घेतले, बाटल्या बर्फात नेल्या, ब्लँक चालवला (नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन तीच तपासणी), प्रमाण द्रावण नव्यानं बनवलं. मॅडम म्हणाल्या, प्रमाणीकरण का करतात हे ह्या मुलांना वर्गात शिकवून झालं होतं, कळलं आत्ता.

मात्र तुमचा मुद्दा मी पूर्ण सोडत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना घेऊन हे मी करणार नाही. प्रत्येकाच्या हातात स्वतःचं एक तरी हत्यार असायला हवं.

---

ओसरी

पृथक्करण यांनी विषय आधी यावा लागतो म्हटलंय, त्यावर पुण्याचंच उदाहरण देते. मी निवृत्त आहे, पुरातत्त्व हा माझा जुना विषय.

डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं, तेव्हा हसमुख सांकलिया पुरातत्त्वासाठी आणि इरावती कर्वे समाजशास्त्र-मानवशास्त्रासाठी तिथे आले. १९४० च्या दशकात ही दोघं गुजरातेत लांघणजला उत्खननावर एकत्र गेली. सांकलिया दगडाची हत्यारं बघत होते, इरावतीबाई माणसांचे सांगाडे. दोघंही आपापल्या विषयात पक्के होते, आणि तरीही उन्हात एका खड्ड्याशी उभे होते.

पुढे इनामगावची प्राचीन वस्ती. शिरूरजवळ, घोड नदीच्या काठी. १९६८ ते १९८३, बारा हंगाम खोदकाम चाललं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं सगळ्यांना माहीत असतात. पण त्या प्रचंड अहवालात कुणी जळक्या धान्याचे दाणे ओळखलेत, कुणी प्राण्यांची हाडं मोजलीत, कुणी नदीच्या गाळाचे थर वाचलेत, कुणी माणसांचे दात तपासलेत. इसवी सनापूर्वी १००० नंतर तिथली चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. आता घरांच्या पायांवरून एवढंच कळतं की घरं बदलली. त्याच काळात शेती मागे पडली, लोक शिकारीवर आणि जनावरांवर जास्त अवलंबून राहू लागले, हे हाडांनी आणि दाण्यांनी सांगितलं. पाऊसमान घटलं असावं, असा निष्कर्ष ढवळीकरांनी मांडला. पुढे त्यावर वाद झाले, आणि वाद घालणाऱ्यांनीही हाडं-दात पुन्हा तपासूनच घातले.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की यातली बरीच माणसं एका विभागाच्या छताखाली होती. वनस्पतींचा अभ्यासक पुरातत्त्व विभागात नोकरीला होता. पाहुणा म्हणून बोलावलेला नव्हता. घाटमाथा यांच्या मराठीच्या मॅडमबद्दल वाचलं तेव्हा हाच फरक आठवला.

---

नदीकाठ

ओसरीताई, नोकरीच्या मुद्द्यावरच लिहायला आले.

मी पदवीला भूशास्त्र केलं, पदव्युत्तरला समाजशास्त्र. पीएचडी सिंचनाच्या पाणीवाटपावर. मुलाखतींना गेले की पहिला प्रश्न, "तुमचा विषय नेमका कोणता?" नियमात संबंधित किंवा संलग्न विषय असे शब्द आहेत. संलग्न म्हणजे काय हे समितीत बसलेली माणसं ठरवतात. समाजशास्त्रवाले म्हणतात तुम्ही भूशास्त्राच्या, भूशास्त्रवाले म्हणतात तुमची पीएचडी आमची नाही. एका विद्यापीठात तर आंतरविद्याशाखीय केंद्रातल्या जागेसाठीच्या मुलाखतीत मला एकाच विषयाची नेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, विचारली.

मुलांना आपण सांगतो भिंती ओलांडा. ओलांडून पलीकडे गेलेल्याला उभं राहायला जागा ठेवलेली नसते. हे मी कडवटपणानं लिहीत नाही, पण धोरण राबवणाऱ्यांनी हा प्रश्न पहिल्या क्रमांकावर घ्यावा असं मनापासून वाटतं.

---

अनुस्वार

नदीकाठ, तुम्हाला सलाम. चिकाटी सोडू नका.

---

टंकसाळ

नदीकाठ यांच्या म्हणण्याला आकड्यांची जोड देतो. २०१८ च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमावलीत संशोधन गुणांचा तक्ता आहे. शोधनिबंधाचे दोन लेखक असले तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. दोनापेक्षा जास्त झाले की मुख्य लेखकाला ७० आणि बाकी प्रत्येकाला ३०. संयुक्त प्रकल्पात प्रमुख आणि सहसंशोधक यांना निम्मे निम्मे.

आता घाटमाथा यांच्या चौघांनी बारवेवर निबंध लिहिला असं धरा. एकाला ७०, तिघांना ३०. त्याऐवजी प्रत्येकानं आपापल्या विषयाच्या नियतकालिकात एकट्यानं लिहिलं तर चौघांनाही पूर्ण. बढतीच्या उंबरठ्यावर असलेला माणूस काय करेल?

---

घाटमाथा

टंकसाळ, आम्ही हा हिशेब खरंच मांडला होता. निबंध एकच लिहायचा, आणि पहिलं नाव मराठीच्या मॅडमचं, असं ठरलं. त्यांना कायम नोकरीसाठी ते सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. लिहितोय अजून.

---

बाकावरून

मी टीवायला आहे, मायक्रोबायोलॉजी. मुलांच्या बाजूनं लिहितो.

आमच्याकडे ओपन इलेक्टिव्ह निवडायचा म्हणजे यादीत दहा विषय दिसतात, प्रत्यक्षात टाइमटेबलमध्ये बसतात दोन. मला अर्थशास्त्र हवं होतं. त्या वेळी प्रॅक्टिकल. मग जे बसलं ते घेतलं. तिथे शेवटच्या बाकावर आम्ही सायन्सची मुलं एकत्र बसायचो, वर्गातल्या मुलांशी ओळखही झाली नाही. शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या, पण आम्ही कोण, कुठून आलो, आम्हाला काय येतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

बारवेवर जायला मला खूप आवडलं असतं. एक विचारतो: बावीस जणांत कुणी काम केलं आणि कुणी नुसता फोटोत उभा राहिला, हे कसं ठरवलं? आमच्या गटात नेहमी दोघंच राबतात.

---

उत्तरसमुद्र

बाकावरून, तुझ्या प्रश्नावर इथे डेन्मार्कमध्ये अख्खं राजकारण झालंय म्हणून लिहितो.

मी कोपनहेगनजवळ राहतो, मुलगी रोस्किल्ड विद्यापीठात शिकली. हे विद्यापीठ १९७२ मध्ये सुरू झालं तेच मुळी प्रकल्पांच्या पायावर. सत्राचा साधारण अर्धा वेळ अभ्यासक्रमांना आणि अर्धा एका गटप्रकल्पाला. मुलं गट करतात, प्रश्न स्वतः ठरवतात, मार्गदर्शक असतो. विषय आधी ठरत नाही, आधी प्रश्न ठरतो, मग त्याला लागेल ते शिकायचं. मुलीच्या गटात एकजण आकडेवारीत तरबेज, एकजण मुलाखती घेण्यात. पहिला महिना भांडणात जायचा. घरी येऊन रडायची. प्रश्न नक्की काय आहे यावरच एकमत होत नसे. तिचे मार्गदर्शक म्हणत, हा महिना वाया गेलेला नाही, हाच अभ्यास आहे. आम्हाला आईवडिलांना ते पटायला वेळ लागला.

परीक्षाही गटाची. सगळे एकत्र तोंडी परीक्षेला बसतात, अहवालावर प्रश्न येतात, पण गुण प्रत्येकाला वेगळे. ज्यानं काम केलं नाही तो दहा मिनिटांत उघडा पडतो. २००६ मध्ये तिथल्या सरकारनं गटपरीक्षा बंद केल्या, एकेकट्याची परीक्षा हवी म्हणून. विद्यापीठांतून खूप विरोध झाला. सरकार बदललं आणि २०१२ मध्ये त्या पुन्हा आल्या.

तेव्हा घाटमाथा, चार विभागांनी एकत्र बसून तोंडी परीक्षा घ्या. त्यात इतिहासाच्या मुलाला नायट्रेटबद्दल विचारा आणि रसायनच्या मुलीला कोनाड्याबद्दल.

---

पृथक्करण

ही तोंडी परीक्षेची कल्पना मला पटली. इतिहासाच्या मुलाला "नक्की का?" विचारता येत असेल तर त्याला नायट्रेट कसं मोजलं हेही सांगता यायला हवं.

ओसरी यांचं इनामगावचं उदाहरण मान्य, पण ते तज्ज्ञांचं काम होतं. पदवीच्या मुलांचं नाही. त्यामुळे माझी शंका पूर्ण फिटलेली नाही. आमच्या विभागात हा धागा वाचून दाखवणार आहे.

---

वेलांटी

मोठ्या विद्यापीठांबद्दल बोलताना एक गोष्ट रोज आपल्या डोळ्यांसमोर असते ती सांगते. अक्षर. संगणकावरचं देवनागरी बराच काळ आपण 'मंगल' ह्या टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, वाचलं. तो रा. कृ. जोशी यांनी घडवला. ते सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रातून आलेले, आणि मुंबई आयआयटीच्या आयडीसीत शिकवायचे. अभियांत्रिकीच्या संस्थेत १९६९ मध्ये हे डिझाइनचं केंद्र निघालं म्हणून बोरू धरणारा माणूस आणि प्रोग्राम लिहिणारा माणूस एका आवारात आले. जोडाक्षर कुठे मोडायचं हे प्रोग्रामरला ठाऊक नसतं, आणि यंत्र ते कसं जोडेल हे सुलेखनकाराला.

त्याच आवारात सितारा आहे, ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारं केंद्र, १९८५ पासूनचं. तिथली मुलं गावात राहून पाणीपुरवठा योजना का बंद पडली याचा माग काढतात. पाइपाचा व्यास आणि ग्रामपंचायतीची वसुली, दोन्ही एकाच अहवालात.

आणि मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठातलं स्त्री-अभ्यास केंद्र, १९७४ चं, देशातलं पहिलं. नीरा देसाईंनी उभं केलेलं. स्त्रीच्या श्रमाचा प्रश्न ना एकट्या अर्थशास्त्रात मावत होता, ना एकट्या समाजशास्त्रात. स्त्री-अभ्यासाकडे इतर विभागांनी किती वर्षं "हा विषय आहे का?" म्हणून पाहिलं, हे त्या केंद्रांत काम केलेल्यांना विचारा. नदीकाठ यांना आज विचारला जाणारा प्रश्न तोच आहे.

---

कुलाबकर

दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाव अजून कसं आलं नाही? गणिती माणूस. हजारो नाणी तराजूवर तोलली: नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, आणि झिजेच्या संख्याशास्त्रावरून त्यांनी जुन्या साठ्यांचा क्रम लावला. भर्तृहरीच्या सुभाषितांची संहिता संपादित केली. घाटातल्या वाटा पायी तुडवून लेण्यांचा व्यापारी मार्गांशी संबंध दाखवला. गोव्यात जन्मले, पुण्यात राहिले, मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कामाला.

---

ओसरी

कुलाबकर, कोसंबी मलाही वंदनीय आहेत. पण त्यांचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, "तो एकटा होता, आपल्याला कसं जमणार?" एका डोक्यात सहा विषय असणारी माणसं विद्यापीठ घडवू शकत नाही. सहा डोकी एका बारवेवर नेणं विद्यापीठाला जमू शकतं. म्हणून मला इथे लांघणज आणि इनामगाव जास्त उपयोगाचे वाटतात.

---

घाटमाथा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

बाकावरून, तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर: गेल्या वर्षी आम्ही ते नीट ठरवलं नाही. दोन मुलं नुसती फोटोत होती आणि त्यांना बरे गुण मिळाले. चूक झाली. यंदा प्रत्येकाची क्षेत्रभेटीची वही रोजची रोज तपासणार, आणि उत्तरसमुद्र म्हणतात तशी एकत्र तोंडी परीक्षा डिसेंबरात घेणार. प्राचार्यांशी परवा बोललो, ते तयार आहेत. चार गुणपत्रकं राहतीलच, पण भरताना चौघं एका टेबलाशी बसू.

टाइमटेबलचं एक जमलं. गुरुवारी दुपारी शेवटचे दोन तास चारही विभागांनी मोकळे ठेवलेत. जुलैत सगळ्यांना एकत्र बसवून ते आधी ठरवलं, बाकीचं त्याभोवती लावलं. नंतर जागा शोधायला गेलं की ती कधीच सापडत नाही.

मराठीच्या मॅडमच्या मानधनाबद्दल संस्थेकडे अर्ज दिलाय, चौघांच्या सह्यांचा. उत्तर आलं की इथे कळवीन.

---

नदीकाठ

घाटमाथा, टेकडीकडच्या बोअरांची खोली आणि ती कधी खोदली याची यादी केलीय का? पाझर कोणत्या वर्षी थांबला हे आजींना आणि शेजारच्या घरांना विचारून, ती वर्षं बोअरांच्या वर्षांशेजारी मांडून बघा. लोकांना इसवी सन आठवत नाही, पण कुणाचं लग्न झालं, कोणत्या दुष्काळात छावणी होती, हे पक्कं आठवतं. माझ्या पीएचडीत मी अशीच वर्षं लावली होती. हवं तर प्रश्नावली पाठवते.

---

घाटमाथा

नाही केली! पाठवाच. आणि जमलं तर स्वतःच या. पाऊस उघडला तर ह्या शनिवारी सकाळी सातला आम्ही बारवेवर आहोत. आजीही येते म्हणाल्यात, पायऱ्या उतरणार नाहीत, वर कठड्यावर बसतील.